सोंगाड्याची बतावणी आणि नावांचा प्रश्न : मराठी विनोद, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि अस्मितेची बदलती भाषा

बीजसंज्ञा : तमाशा, सोंगाड्या, बतावणी, पूर्वपरीक्षण, दलित आत्मकथन, तृतीयपंथी, दिव्यांग

प्रस्तावना :

विनोदाची दोन व्यासपीठे एकाच तालुक्याच्या हद्दीत नांदताना पाहावयाची असतील, तर मुळशीकडे पाहावे. हिंजवडी हे गाव महसुली दृष्ट्या मुळशी तालुक्यात मोडते. चैत्रात तेथे म्हातोबाची बगाड यात्रा भरते, आणि त्याच गावाच्या शिवारात उभ्या राहिलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातील तरुण नोकरदार संध्याकाळी मोबाईलच्या पडद्यावर 'स्टँड-अप' विनोदकाराला ऐकत असतो. मुळशी-मावळच्या जत्रांना तमाशाच्या फडाची जुनी सवय आहे. तेथे हशा पिकवणारा सोंगाड्या आणि शहरातील ध्वनिक्षेपकासमोर एकटा उभा राहणारा विनोदकार यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे सहसा मानले जात नाही. एक 'ग्रामीण लोककला' या शीर्षकाखाली अभ्यासक्रमात जातो, तर दुसरा वृत्तपत्राच्या गुन्हेविषयक पानावर. वस्तुतः दोघांपुढील पेच एकच आहे. कोणी कोणाला हसावे, कोणत्या नावाने हाक मारून हसावे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो पेच होय. प्रस्तुत लेखात या पेचाचा विचार मराठी रंगभूमीच्या व लोकनाट्याच्या अंगाने केला आहे.

विनोद आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दापाशी सुरू होते आणि शब्दापाशीच संपते. अमुक शब्द वापरला म्हणून भावना दुखावल्या, तमुक शब्द शासनाने बदलला म्हणून प्रश्न मिटला, अशा पद्धतीने ती चालते. परंतु एकच शब्द एका तोंडी शिवी असतो आणि दुसऱ्या तोंडी आत्मचरित्राचे शीर्षक होतो, हा मराठी साहित्याचा गेल्या अर्धशतकातील ठळक अनुभव आहे. म्हणून हशाची दिशा आणि बोलणाऱ्याची जागा यांकडे पाहिल्याशिवाय विनोदाचे मूल्यमापन होऊ शकत नाही, हे येथील प्रतिपादन आहे.

सोंगाड्याची मुभा :

गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या तमाशाच्या क्रमात बतावणीचे स्थान काहीसे विलक्षण आहे. तिला लिखित संहिता नसते. गावचा पाटील, तलाठी, दुष्काळ, नुकतीच झालेली निवडणूक यांपैकी जे हाताशी येईल ते घेऊन सोंगाड्या बोलत राहतो. महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आलेल्या कलावंतांनी तमाशा जगवला. ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांना पायरीच्या वर प्रवेश नव्हता, त्याच पाटलाची खोड ते रात्रीच्या फडात हजार माणसांसमोर काढीत. ही मुभा रात्रीपुरती होती. सकाळी बिदागी मागण्यासाठी त्याच दारात उभे राहावे लागे, हे विसरून सोंगाड्याला 'लोकशाहीचा आद्य प्रवक्ता' वगैरे ठरवणारी वर्णने अभ्यासकांनी जपून वापरली पाहिजेत.

पुणे जिल्ह्यापुरते पाहिले तरी या मुभेची दोन उत्तम उदाहरणे सापडतात. पहिले तमाशाचे नाही, पण त्याच्या जवळचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात भोळ्या कुणबी दाम्पत्याला फसवणाऱ्या जोशाच्या प्रत्येक खेळीवर भाष्य करणारा विदूषक आहे. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो आणि बहुधा ब्राह्मण असतो. फुल्यांनी त्याला शूद्रांच्या बाजूला आणून बसवले. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापले गेले १९७९ मध्ये. म्हणजे या विदूषकाला वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी सव्वाशे वर्षे लागली. त्यासाठी कोणतीही बंदी घालावी लागली नाही, एका समितीचा नकार पुरला.

दुसरे उदाहरण 'गाढवाचं लग्न' या हरिभाऊ वडगावकर यांच्या वगाचे. मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यातील इंदोरीचे दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभाराची भूमिका अजरामर केली. राजाच्या मुलीचे लग्न कुंभाराच्या गाढवाशी लागावे, या कल्पनेत सोयरिकीच्या साऱ्या जातिनियमांची चेष्टा आहे. गाढव हा मुळात शापित गंधर्व असल्याची सोय वगात आहे खरी, पण प्रेक्षक हसतो तो गाढवाच्या सोयरिकीला. तथापि त्याच वगात सावळ्या आणि गंगी यांच्या भांडणावर पिकणारा हशाही आहे, आणि त्याची दिशा वेगळी आहे. वरच्याला हसणारा सोंगाड्या घरातल्या बाईलाही हसतो. एकाच रात्री, एकाच कलावंताच्या तोंडून हशा दोन्ही दिशांना जाऊ शकतो. लोककलेच्या गौरवात ही गोष्ट झाकली जाते आणि लोककलेवरील नैतिक टीकेत पहिली गोष्ट झाकली जाते.

परीक्षणाची कात्री :

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. पुढे ती उठली, पण सुधारणेच्या आणि संहिता तपासून घेण्याच्या अटी मागे राहिल्या. ज्या कलेत संहिताच नाही तिच्याकडे संहिता मागणे, हा या व्यवस्थेतील मूळ विसंवाद होता. बतावणी कागदावर उतरवली की ती बतावणी राहत नाही. नाट्यप्रयोगांवरील १८७६ चा ब्रिटिशकालीन कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. तथापि महाराष्ट्रात प्रयोगाच्या परवान्याचे अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमातून येतात. रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, तेव्हा चित्रपटाहून वेगळ्या अशा या जिवंत कलेचे स्वरूप पुन्हा एकदा चर्चेत आले.

परीक्षणाच्या या इतिहासात एक बारकावा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तमाशाचे रूप शहरी रंगभूमीने आपलेसे केले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडके यांचा हवालदार घराघरांत पोहोचला. मात्र या लोकनाट्यात फडातील कलावंत स्त्रियांची जागा हळूहळू इतरांनी घेतली. लावणी कलावंत स्त्रियांविषयी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात केलेले लेखन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कलेचे स्वातंत्र्य वाढत गेले, पण ती कला ज्यांची होती त्यांच्या वाट्याला त्यातले किती आले, हा प्रश्न त्यांनी विचारायला लावला.

कोणाच्या भावना, कोणाची सत्ता :

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल यांनी खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा यांचे धागे घेऊन ब्राह्मणांची झुलती भिंत रंगमंचावर उभी केली. नाना फडणविसांची आणि चित्पावन समाजाची बदनामी झाली, असा आक्षेप आला. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने नाटक थांबवले. ते पुन्हा उभे करण्यासाठी कलावंतांना १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था काढावी लागली. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झालाच.

येथे दुखावला गेलेला समाज संख्येने लहान होता, परंतु संस्था, वृत्तपत्रे, नाट्यगृहे आणि समीक्षा या सर्व ठिकाणी त्याचा आवाज होता. त्याच्या दुखावलेपणाची दखल लगोलग घेतली गेली. तमाशातील कलावंतांना शिष्ट समाजाने शतकभर जे म्हटले, त्याबद्दल कोणा संस्थेने कधी प्रयोग थांबवल्याचे ऐकिवात नाही. म्हणून 'भावना दुखावणे' हे विनोदाच्या योग्यायोग्यतेचे माप होऊ शकत नाही. ते फार तर कोणाची हाक लवकर ऐकली जाते, याचे माप होते.

याच सुमाराचा, १९७१ चा प्रसंग आज मुद्दाम आठवावा असा आहे. भोर तालुक्यातील इंगवलीचे मूळ असलेले दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात लावण्यास टाळाटाळ झाली, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि चित्रपट लागला. विनोदकाराच्या बाजूने एक आक्रमक संघटना उभी राहिली होती, मराठीच्या नावाने. मार्च २०२५ मध्ये त्याच मुंबईत, खार येथील 'हॅबिटॅट' या सभागृहाची तोडफोड झाली. ती करणारे एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेचे कार्यकर्ते होते. कुणाल कामरा यांनी हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर, नाव न घेता, शिंदे यांच्यावर टीका केली होती. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथकही तेथे पोहोचले. कामरा यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून संरक्षण दिले. मधल्या चोपन्न वर्षांत काय बदलले, याचे उत्तर केवळ पक्षाच्या वाटचालीत शोधून चालणार नाही. १९७१ मध्येही संरक्षण मिळाले ते 'आपल्या' सोंगाड्याला. विनोद करण्याच्या हक्काचा मुद्दा तेव्हाही पटावर नव्हता.

त्या गीतातील मध्यवर्ती शब्द 'गद्दार' हा होता. २०२२ च्या सत्तांतरापासून तो शब्द महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेत उच्चारला गेला होता आणि त्यासाठी कोणाची खुर्ची मोडली नव्हती. पुढाऱ्याने म्हटले की आरोप आणि विनोदकाराने म्हटले की अपमान, असा भेद येथे दिसतो. पुढाऱ्यामागे पक्ष असतो, विनोदकारामागे कोणी नसतो, हेच त्या भेदाचे कारण असावे.

तथापि कामरा यांच्या बाजूने झालेल्या लेखनात एक गोष्ट निसटली. त्या गीतात रिक्षाचा उल्लेख होता. शिंदे यांनी राजकारणात येण्यापूर्वी ठाण्यात रिक्षा चालवली, हे सर्वज्ञात आहे. पक्षांतराची चेष्टा हा नागरिकाचा हक्क होय. ती सत्तेच्या दिशेने जाणारी आहे. परंतु रिक्षा हे सत्तेचे चिन्ह नाही, ते श्रमाचे आहे. सुशिक्षित, इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षागृहात रिक्षाच्या उल्लेखावर जो हशा येतो, तो उपमुख्यमंत्र्याला लागतो त्याहून अधिक बाहेर प्रवाशाची वाट पाहणाऱ्या माणसाला लागतो. एवढे म्हटल्याने तोडफोडीचे समर्थन होत नाही, किंवा गुन्ह्याचेही नाही. समीक्षकाला मात्र हे म्हणता आले पाहिजे. सभागृह फोडले गेले की त्यात सादर झालेल्या कलाकृतीविषयी बरे-वाईट बोलण्याची जागाही फुटते. विनोदकाराचे स्वातंत्र्य वाचवू पाहणारे लोकही मग केवळ वकील होऊन बसतात.

नाव कोणी द्यावे :

अस्मितेच्या भाषेचा प्रश्न महाराष्ट्राला परदेशी विद्यापीठांतून आयात करावा लागलेला नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक संस्थांविषयीच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द योजला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी निषेध म्हणून सभात्याग केला. शब्द वरकरणी गौरवाचा होता, पण तो दुसऱ्याने दिलेला होता. पुढे १९७२ मध्ये 'दलित पँथर'ने 'दलित' हा शब्द लढाऊ स्वनाम म्हणून धारण केला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांना हा शब्द टाळण्याची सूचना केली आणि 'अनुसूचित जाती' ही घटनात्मक संज्ञा सुचवली. एकाच शब्दाकडे चळवळ स्वाभिमान म्हणून आणि प्रशासन अडचण म्हणून पाहत होते.

मराठी आत्मकथनांची शीर्षके या संदर्भात सलग वाचून पाहावीत. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४), लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' (२०१२). यांतील प्रत्येक शीर्षक रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी फेकून मारलेला शब्द आहे. लेखकाने तो उचलून मुखपृष्ठावर लावला. 'कोल्हाट्याचं पोर'मधील आई तमाशात नाचणारी आहे, म्हणजे फडातील हशाची दुसरी बाजू या पुस्तकातून प्रथमच फडाबाहेर आली. हे शब्द प्रमाणित यादीतून वगळले, तर ही शीर्षकेही अडचणीची ठरतील.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, हा हेतू योग्यच होता. पत्रावर वस्तीचे नाव लिहिताना हात अडखळू नये, ही अपेक्षा क्षुल्लक नाही. परंतु नाव बदलल्याने वस्ती गावकुसाच्या त्याच बाजूला राहते. आणि जत्रेच्या रात्री सोंगाड्या 'क्रांतीनगरचा पाहुणा' असे डोळा मिचकावून म्हणाला, तर कळायचे ते सर्वांना कळते. विनोद हा शब्दकोशापेक्षा चपळ असतो. नव्या सभ्य शब्दात जुना तिरस्कार भरायला त्याला फार वेळ लागत नाही.

कायद्याने हे एका ठिकाणी ओळखले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीच्या नावाने सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे, पण तो गुन्हा अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तीकडून घडल्यासच. तोच शब्द कोणी उच्चारला, यावर त्याचा अर्थ ठरतो, हे तत्त्व येथे संसदेने मान्य केले आहे. साहित्यसमीक्षेने मात्र ते अजून पुरेसे आत्मसात केलेले नाही.

नाच्या आणि त्याचा हशा :

तमाशातील 'नाच्या' हे या सर्व प्रश्नांचे सर्वांत अवघड रूप आहे. बायकी हावभाव करणारा पुरुष पाहून प्रेक्षक हसतो. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवरून रवी जाधव यांनी २०१० मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्यात पैलवानकीचा अभिमान असलेला गुणा फड उभा करण्यासाठी स्वतः नाच्या होतो. रंगमंचावर त्याला मिळणारा हशा आणि रंगमंचाबाहेर त्याच्यावर होणारा अत्याचार हे एकाच दृष्टीचे दोन परिणाम असल्याचे चित्रपट दाखवतो. हशा फडाच्या कनातीत अडकून राहत नाही. तो नाच्याच्या मागोमाग घरापर्यंत येतो.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि मराठी वृत्तपत्रांत 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ झाला. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसून येणे मात्र चालूच राहिले. आचार्य अत्रे यांच्या 'मोरूची मावशी'पासून ही परंपरा चालत आली आहे आणि ती सर्वस्वी त्याज्य नाही. मावशीच्या सोंगात मोरूची फजिती होते, स्त्रीत्वाची होत नाही. विजय चव्हाण यांच्या मावशीला प्रेक्षकांचे प्रेम मिळाले ते त्यामुळे. याउलट केवळ साडी, जाड आवाज आणि मोठे शरीर यांच्या बेरजेवर जेव्हा हशा घेतला जातो, तेव्हा सोंग उरत नाही, टवाळी उरते. हा भेद कोणत्याही निषिद्ध शब्दांच्या यादीने पकडता येणार नाही. प्रयोग पाहूनच तो सांगावा लागतो, आणि तेच समीक्षेचे काम आहे.

दिव्यांग, दया आणि विनोद :

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणण्याची सूचना केली. महाराष्ट्रात 'अपंग' हा शब्द शासकीय कागदांतून मागे पडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. चळवळीतील अनेकांनी या शब्दाला हरकत घेतली होती. रॅम्प आणि शिष्यवृत्ती हवी असताना देवत्व मिळाले, असा त्या हरकतीचा आशय होता. १९३८ च्या सभात्यागाशी या हरकतीचे नाते स्पष्ट आहे.

२०२५ मध्ये हा विषय विनोदाशी येऊन भिडला. स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या तान्ह्या मुलाच्या १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनवर एका विनोदकाराने केलेल्या चेष्टेविरुद्ध रुग्णांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने संबंधित विनोदकारांना जाहीर माफी मागण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या धर्तीवर दिव्यांगांसाठी कायदा करण्याचा विचार केंद्राने करावा, असे सुचवले गेले. त्याच वेळी दिव्यांगांच्या यशोगाथा सांगणारे आणि उपचारासाठी निधी उभारणारे कार्यक्रम विनोदकारांनी करावेत, असेही सांगण्यात आले.

ती चेष्टा निकृष्ट होती, यात शंका नाही. औषधाच्या किमतीची चेष्टा करण्याजोगे त्यात बरेच काही होते. विनोदकाराने तान्हे मूल निवडले. हशाची दिशा येथे सर्वांत खाली गेली. परंतु उपाय म्हणून जे पुढे आले, त्यात दिव्यांग व्यक्ती पुन्हा विषयाच्याच जागी राहिली. पूर्वी ती चेष्टेचा विषय होती, आता प्रेरणेचा. ध्वनिक्षेपक दोन्ही वेळी दुसऱ्याच्याच हाती. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आदर्श घ्यावयाचा, तर त्यातील बोलणाऱ्याच्या जागेचा विवेकही घ्यावा लागेल. अन्यथा अंध विनोदकाराने अंधत्वावर केलेला विनोदही गुन्हा ठरण्याची वेळ येईल.

ही शंका काल्पनिक नाही. मुंबईच्या निधी गोयल या अंध आहेत, अपंग स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करतात आणि स्टँड-अप विनोदही करतात. त्यांच्या सादरीकरणात हशाचा विषय होतात ते डोळस लोक, म्हणजे त्यांची दया आणि त्यांचा अवघडलेपणा. फुल्यांच्या विदूषकाने जे जोशाचे केले, ते येथे सहानुभूतीचे होते. असे सादरीकरण उद्या हिंजवडीच्या एखाद्या सभागृहात ठेवायचे ठरले आणि परवान्यासाठी संहिता मागितली गेली, तर समोरच्या प्रेक्षकाकडून ऐनवेळी येणारी सहानुभूती आणि तिला तिथल्या तिथे दिलेले उत्तर संहितेच्या कोणत्या पानावर लिहून द्यावे, याचे उत्तर परीक्षण मंडळाला बतावणीच्या वेळीही देता आले नव्हते.